रविवारचं औषध आणि नागपूरचं औषध

आमच्या घरात औषधाचे पैसे घेत नसत. बाबांचं आदिलाबादकडच्या बोथच्या बाजारात किराणा दुकान होतं. तिथं मीठ, गूळ, तेल, काडेपेटी सगळं पैशानंच मिळायचं, आणि उधारी थकवणाऱ्याला भर बाजारात चार शब्द सुनवायला बाबा कधी लाजले नाहीत. पण रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून ते घराच्या ओसरीवर बसत आणि काविळीचं औषध देत, तेव्हा त्यांचा हात पैशाला लागत नसे. माणसं तलमडुगुकडून येत, बाजारहत्नूरकडून येत, पार पैनगंगेच्या पलीकडूनही येत. तेलुगू बोलणारे काविळीला ‘पच्चकामेर्लु’ म्हणत आणि डोळ्याकडे बोट दाखवत.

औषध एका झाडाच्या मुळाचं. मूळ कुठलं ते बाबांनाच ठाऊक होतं. शनिवारी संध्याकाळी ते एकटेच जाऊन ते घेऊन येत. वाटायचं काम आईचं. पहाटे आंघोळ करून, तोंडातून एक शब्द न काढता ती ते पाट्यावर वाटायची आणि ताकात कालवायची. ती एरवी फार बोलायची, म्हणून रविवारची सकाळ घरात वेगळीच वाटायची. मग बाबा एकेकाच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत आणि हातात वाटी देत. कुणी कृतज्ञतेनं भोपळा आणला तर भोपळा परत जायचा. एकानं ओसरीच्या खांबाला कोंबडी बांधून धूम ठोकली, तेव्हा बाबांनी मला कोंबडीसकट त्याच्यामागं फाट्यापर्यंत पिटाळलं होतं. मी धापा टाकत ती बसच्या खिडकीतून आत दिली.

आजोबांना ते मूळ ज्यानं दाखवलं, त्यानं एकच अट घातली होती. औषधाचा पैसा घरात आला की हाताचा गुण गेला. त्या मुळानं कावीळ बरी होते की कावीळ आपली आपण बरी होते, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं आणि आजही नाही. बाबा प्रत्येकाला सरकारी दवाखान्यातही जायला सांगत, एवढं मात्र खरं.

नव्वदीची सुरुवात होती. आईच्या छातीत गाठ आली. ती तिनं पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत कुणाला सांगितली नाही. लाज वाटली म्हणे. दुसऱ्यांच्या पोटदुखीची, अंगावरून जाण्याची चौकशी ती बिनदिक्कत करायची. स्वतःच्या अंगाची मात्र लाज. आदिलाबादच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि नागपूरची चिठ्ठी लिहिली. ऑपरेशन झालं. त्यात आईच्या पाटल्या गेल्या आणि पोतीतले सोन्याचे मणी गेले. काळे मणी तेवढे राहिले.

मला वाटलं, झालं. मग डॉक्टर म्हणाले की आता इंजेक्शनं. सहा. दर तीन आठवड्यांनी एक. ती वॉर्डात सगळीकडे ‘लाल इंजेक्शन’ म्हणूनच ओळखली जायची, कारण सलाईनच्या नळीतून ते रूह अफजासारखं लाल उतरायचं आणि नंतर लघवीही लाल व्हायची. मी दहावी होऊन घरीच होते. बाबांना दुकान सोडून वरचेवर जमणार नव्हतं, म्हणून आईबरोबर नागपूरला जायचं माझ्याकडे आलं. पहिल्यांदा चिठ्ठी घेऊन मी दवाखान्यासमोरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानदारानं किंमत सांगितली. मला वाटलं, सहाही इंजेक्शनांची सांगतो आहे. तो म्हणाला, “एकाची.” आमच्या दुकानातली मागची फळी वरपासून खालपर्यंत भरली असती एवढ्या पैशात. मला रडू आलं नाही. दुकानात लहानपणापासून बसलेली असल्यामुळं भाव ऐकून चेहरा न हलवायची सवय होती, तीच कामाला आली.

दवाखान्यात एक बाई गरीब रोग्यांना मदत मिळवून द्यायचं काम बघायच्या. चांगल्या होत्या. त्यांनी सगळे रस्ते सांगितले आणि आमच्यासाठी ते एकेक करून बंदही झाले. नागपूरच्या एका ट्रस्टकडून इंजेक्शनं फुकट मिळत, पण ती त्या राज्यातल्या लोकांना, आणि आम्ही सीमेपलीकडच्या तेलुगू राज्यातले. आमचा आमदनीचा दाखला तहसीलच्या शिक्क्याचा आणि तेलुगूतला. बाईंनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, आणि परत दिला. हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात गरिबांच्या पांढऱ्या रेशनकार्डावर काम झालं असतं, पण दुकानाच्या लायसनपायी आमचं कार्ड गुलाबी. मंत्र्यांच्या फंडाला एक अर्ज गेला, त्याचं उत्तर यायचं आहे अजून. आम्ही धड इकडचे नव्हतो, धड तिकडचे नव्हतो.

“हैदराबादला एकदा विचारून तरी बघा,” त्या बाई म्हणाल्या.

आई म्हणाली, “तिथं डॉक्टर काय म्हणून राह्यले ते मले कसं समजल? मरायचं तं समजल अशा बोलीत मरू द्या.”

मग बाईंनीच दोन गोष्टी सांगितल्या ज्या कुठल्या कागदावर नव्हत्या. एक म्हणजे औषधांच्या ठोक बाजारात जा, दवाखान्यासमोर घेऊ नका. खोकं तेच, भाव कमी. आणि दुसरी म्हणजे जोडीदार शोधा. लहान बाटल्या जोडून घेण्यापेक्षा मोठी बाटली पुष्कळ स्वस्त पडायची, पण आईला ती सगळी लागत नसे आणि एकदा फोडली की उरलेलं त्याच दिवशी संपवावं लागे. म्हणून तेच औषध चालू असलेल्या दोघींनी एकाच दिवशी यायचं आणि मोठ्या बाटल्या वाटून घ्यायच्या. नर्सच आपणहून जोड्या लावून देत. आईला वणीकडची एक बाई मिळाली.

दोघींच्या खाटा शेजारीशेजारी. एकाच बाटलीतलं औषध दोघींच्या हातात जायचं. वणीची बाई म्हणायची, “आपण तं आता जावाजावाच झालो.” आई म्हणायची, “जावाजावा भांडतात. आपण बाटली सरंपर्यंत तरी नको भांडू.” दोघी हसत आणि थोड्या वेळानं दोघीही एकामागोमाग ओकत. मी दोन भांडी धरून मध्ये उभी. अशी तीन इंजेक्शनं झाली.

चौथ्याला वणीची बाई आली नाही. आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. मग नर्सनं रजिस्टर पाहिलं, कुणाला तरी विचारलं आणि येऊन आईला नाही, मला सांगितलं. मी आईला सांगितलं. आई म्हणाली, “बरं.” दुसरी जोडीदार त्या दिवशी नव्हती आणि आमच्याकडे अर्ध्याच वाट्याचे पैसे होते. आम्ही इंजेक्शन न घेता परत निघालो. बसमध्ये आई खिडकीशी बसली होती आणि तिला ओकारी नव्हती म्हणून तिनं पांढरकवड्याला भजी खाल्ली. मी ती खाताना पाहत होते. मला काही वाटत नव्हतं.

गोष्ट बाजारात पसरली. किराणा दुकानदाराच्या घरातली गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. आमच्याकडच्या लोकांना ती म्हण लागू नव्हती. कापूस नुकताच विकला गेला होता, लोकांच्या हातात पैसा होता. तलमडुगुचा एक शेतकरी दुकानात आला. त्याच्या मुलाला बाबांनी दोन उन्हाळ्यांपूर्वी औषध दिलं होतं. त्यानं रुमालात बांधलेले पैसे तराजूशेजारी ठेवले.

“घ्या शेट. माह्या पोराचा जीव वाचवला तुमी.”

“पोराच्या जिवाचे पैसे देऊन राह्यला का?”

“तसं नाही. माय बिमार हाय म्हून.”

“माय बिमार नसती तं दिले असते?”

तो खाली पाहून म्हणाला, “तुमी घेतले नसते.”

“मंग आताबी नाही घेत,” बाबा म्हणाले आणि रुमाल त्याच्याकडे सरकवला. त्याला पावशेर गूळ हवा होता, तो जोखून दिला, त्याचे मात्र पैसे घेतले.

असे आणखी आले. कुणी एकटे, कुणी गावातून गोळा करून. बाबा प्रत्येकाला परत पाठवत. हे सगळे रविवारचे लोक होते. त्यांचा पैसा कुठल्याही नावानं आला तरी औषधाच्याच वाटेनं आला, असं बाबांचं म्हणणं. एका संध्याकाळी माझा तोल सुटला.

“लोक देऊन राह्यले अन् तुमी घेऊन नाही राह्यले. मायनं काय करायचं?”

आतून आई म्हणाली, “त्यायले काऊन बोलतं? मीच नाही म्हटलं.”

मी आत गेले. ती भिंतीला टेकून बसली होती, डोक्यावर पदर घट्ट ओढलेला. केस तोवर गेलेच होते.

“देते त्यायचा हात, पण वाटते तं मीच ना? उद्या वाटीत काही राह्यलंच नाही तं लोकायची पोरं कोणाकडं जातीन? अन् असल्या पैशाचं औषध माह्या आंगाले तरी लागल का?”

मला दोघांचाही संताप आला. एका मुळापायी बायको घालवायला निघालेला नवरा आणि त्याच्यापेक्षा वरचढ बायको. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा. मी त्या दिवशी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले, कारण न जेवल्यानं कुणाचंच काही अडत नव्हतं.

वाट बायकांनी काढली. संक्रांत झाली होती, हळदीकुंकवाचे दिवस होते. तलमडुगुच्या त्या शेतकऱ्याची बायको तिळगूळ घेऊन आली. आईला पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि म्हणाली, “पदर पसरा.” आईनं पदर पसरला. तिनं त्यात नारळ ठेवला, खण ठेवला, तांदूळ घातले आणि तांदळाबरोबर तोच रुमाल.

आईनं रुमाल ओळखला. ती वर पाहायला लागली. ती बाई म्हणाली, “ओटी हाय. ओटीले नाही म्हणता येत नाही.”

खरंच येत नाही. सवाष्णीनं भरलेली ओटी सवाष्णीनं परत करायची नसते. आणि ओटी बाईची असते; तिच्यात नवऱ्याचे नियम चालत नाहीत. रात्री जेवताना आईनं रुमाल बाबांच्या ताटाशेजारी ठेवून विचारलं, “हे काय हाय?”

“तुले काय वाटते?”

“मले वाटते ओटी.”

बाबा बराच वेळ भात कालवत राहिले. मग म्हणाले, “तुही ओटी तुह्यापाशी ठेव. मी हात लावत नाही.”

रथसप्तमीपर्यंत बायका येत राहिल्या. एकटीदुकटीनं, बैलगाडीनं, बसनं. कुणाच्या ओटीत चुरगळलेली दहाची नोट, कुणाच्या नारळाच्या शेंडीत गुंडाळलेली पन्नासाची. एक विधवा बाई आली होती. तिला ओटी भरता येत नव्हती. ती अंगणातच उभी राहिली आणि तिनं आणलेले पैसे एका सवाष्णीच्या हातात देऊन तिच्याकडून आईच्या पदरात टाकवले. तिच्या नवऱ्यालाही बाबांनी औषध दिलं होतं. त्याला गुण आला नव्हता. तरी ती आली होती. आई तिला आत ये, आत ये म्हणत राहिली, पण ती आली नाही.

शेवटी बाजारहत्नूरकडची एक बाई आली. तिच्या नवऱ्याची कावीळ आदल्या वर्षी उतरली होती. तिनं ओटी भरली तेव्हा आईच्या पदराला एकदम वजन आलं. ती म्हणाली, “म्हैस विकली अक्का. दुभती नव्हती, उगा खाऊन राह्यली होती.” म्हैस दुभती होती, हे आम्हाला नंतर कळलं.

ती गेल्यावर आई म्हणाली, “बाई मेली की ओटी भरतात. ह्या बायायनं माह्या जितेपणीच सगळ्या भरून टाकल्या. मेल्यावर भरायले तांदूळ नाही उरायचे कोणापाशी.” आणि तिला हसू आलं. मला नाही आलं.

त्या पैशांवर चौथं आणि पाचवं इंजेक्शन झालं. जोडीदार मिळाली नाही, दोन्ही वेळा बाटल्या पुऱ्याच घ्याव्या लागल्या आणि उरलेलं औषध नर्सनं आमच्यादेखत टाकून दिलं. मी त्या लाल थेंबांकडे बघत राहिले. पाचव्यानंतर आईचं रक्त फार उतरलं म्हणून डॉक्टरांनी सहावं पुढं ढकललं. आता फक्त एकच राहिलं होतं. त्याचे पैसे होते. ओटीच्या एका खणात बांधून आईनं ते पेटीत ठेवले होते. मी बाजारातल्या ठोक व्यापाऱ्याला बाटली राखून ठेवायला सांगून आले.

उन्हाळा लागला. विहिरी तळाला गेल्या आणि खेड्यांतून कावीळ सुरू झाली. रविवारी ओसरी भरायला लागली. आई अशक्त होती, पण पहाटे उठून आंघोळ करून पाट्याशी बसायची. मी वाटते म्हटलं तर मान हलवून नाही म्हणायची. त्या वेळी बोलायचं नसे म्हणून तिच्याशी वादही घालता येत नसे.

पहिल्यांदा आली ती तलमडुगुची बाई. तिचा दीर पिवळा झाला होता. बाबांनी त्याची पापणी ओढून पाहिली आणि वाटी हातात देईनात. बाईला म्हणाले, “तुमच्या घरचा पैसा आमच्या घरात हाय. गुण येईन का नाही, मले सांगता येत नाही. दवाखान्यात न्या.”

“नेला होता शेट. गोळ्या देल्या. तुमीबी द्या.”

बाबा वाटी धरून बसून राहिले. खोटं देणं त्यांना जमत नव्हतं आणि न देणंही जमत नव्हतं. आई आतून सगळं ऐकत होती. तिनं पेटी उघडली. बाहेर येऊन त्या बाईला म्हणाली, “पदर पसर.”

ओटी परत करता येत नाही, पण उलट ओटी भरता येते. आईनं तिच्या पदरात नारळ घातला, तांदूळ घातले आणि तिच्या रुमालात जेवढे आले होते तेवढे पैसे घातले. मग बाबांनी वाटी दिली.

त्या उन्हाळ्यात ओटी भरून गेलेल्या बायका एकामागून एक येत राहिल्या. कुणाचं मूल, कुणाचा नवरा. घर तसंच, पाणी तसंच. कावीळ त्याच घरांत फिरत होती. प्रत्येक वेळी आई उठायची, पेटी उघडायची आणि पदर पसरायला सांगायची. खणातली गाठ दर रविवारी थोडी लहान होत होती. मी ओरडले. मी म्हटलं, हे पैसे इंजेक्शनाचे आहेत. मी म्हटलं, त्या बायका परत मागत नाहीत, तू का देतेस. मी म्हटलं, तुझ्या वाटण्यानं कुणाची कावीळ जात नाही, ती आपली आपण जाते.

आई म्हणाली, “असल. तूच सांग मंग, माही गाठ इंजेक्शननं गेली का चाकूनं?”

मी बाबांकडे गेले. बाबा दुकानात साखरेच्या पुड्या बांधत होते. ते म्हणाले, “अजून एकाचे हायत ना?” म्हटलं, होतील कसेबसे. कारण म्हशीचे पैसे होते. बाजारहत्नूरच्या बाईनं दिले तेवढे जरी राहिले तरी बाटली येत होती. आम्ही दोघंही त्या एका बाईच्या भरवशावर होतो, म्हणजे तिच्या घरात कावीळ न येण्याच्या.

नागपूरला मंगळवारी जायचं होतं. आदल्या रविवारी ती आली. कडेवर सातआठ वर्षांची मुलगी, कडेवर घेण्याच्या वयाची नव्हे, पण चालवत नव्हतं म्हणून. मी दारातूनच तिचे डोळे पाहिले. पापणी ओढून बघायची गरज नव्हती. बाबांनी तरी ओढून पाहिली, आणि मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली.

पेटीचं झाकण वाजलं. आई बाहेर आली, भिंतीचा आधार घेत.

“पदर पसर,” ती म्हणाली.

त्या बाईला इतर बायकांकडून कळलेलंच होतं. तिनं पदर छातीशी धरून ठेवला. “नाही अक्का. हे तुमच्या सुईचे हायत. मी नाही घेत.”

“ओटीले नाही म्हणता येत नाही. तुमी बायायनंच शिकवलं ना मले?”

“माही पोरगी आपली बरी होईन. वाटी द्या, नाही तं नका देऊ.”

“वाटी देते, पण देऊन तिचा उपयोग पायजे ना. पसर.”

त्या बाईनं मुलीला खाली ठेवलं आणि पदर पसरला. आईनं नारळ ठेवला, तांदूळ घातले आणि खण, गाठ न सोडता, तसाच वर ठेवला. बाबांनी मुलीला वाटी दिली. मुलगी वास घेऊन तोंड वाकडं करत होती. आई म्हणाली, “नाक धर अन् पी.” ती नाक धरून प्याली. मी त्यांना सरकारी दवाखान्याची वेळ सांगितली आणि मुलीला लगेच दाखवा म्हणून बजावलं, कारण काहीतरी बोलायला हवं होतं.

त्या दोघी गेल्यावर मी आईला विचारलं, “अन् मंगळवारचं काय?”

“पुढच्या खेपेले जाऊ.”

“पुढच्या खेपेले पैसे कुठून येतीन?”

ती खाली बसली. दमली होती. म्हणाली, “माह्या सुईचं कोणालेच नक्की सांगता येऊन नाही राह्यलं. डाक्टरलेबी नाही. त्या पोरीचे डोये मले दिसले. काय करू?”

मुलगी बरी झाली. दवाखान्यातल्या सलाईननं, आमच्या वाटीनं किंवा आपोआप. तिघांपैकी कुणीही श्रेय घ्यावं, माझं काही म्हणणं नाही. बाबांनी दुकानातला माल दुसऱ्या व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन पैसे उभे केले, पण तोवर पावसाळा अर्धा सरला होता. आम्ही नागपूरला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, मध्ये इतकं अंतर पडल्यावर आता एकच देण्यात अर्थ नाही, सध्या ठीक दिसतंय, बघत राहू. मी विचारलं, सहावं न घेतल्यानं काही बिघडेल का? ते म्हणाले, सांगता येत नाही. मालाचे पैसे घेऊन आम्ही परत आलो. बाबांनी ते बँकेत ठेवले आणि पुढं कित्येक महिने दुकानाच्या रिकाम्या फळ्या भरल्या नाहीत.

आई एक वर्ष चांगली राहिली. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. ती रविवारी वाटत होती आणि बाकीचे सहा दिवस बोलत होती. मग पुढच्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी ती अंगणात तोंड धुऊन आत आली आणि बाबांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिचे डोळे पिवळे झाले होते.

नागपूरला फोटो काढले. ती आमच्या ओळखीची कावीळ नव्हती. गाठ यकृतात गेली होती. त्यावर लाल इंजेक्शनही नव्हतं आणि दुसरंही काही नव्हतं, म्हणजे होतं, पण डॉक्टर म्हणाले की घरी न्या. बँकेत पैसे होते. ह्या वेळी पैसे होते.

त्या शनिवारी बाबा संध्याकाळी मूळ आणायला गेले. रविवारी आईला बसवत नव्हतं, म्हणून वाटायला मी बसले. मी एक शब्द बोलले नाही. नियम म्हणून नव्हे, मला बोलायचंच नव्हतं. बाहेर ओसरीवर माणसं बसली होती. बाबांनी त्यांना थांबायला सांगितलं आणि पहिली वाटी आत आणली. घरात कुणाच्या औषधाचा एक पैसा उरला नव्हता. बाबांच्या हाताला कसलाच डाग नव्हता. आई नाक न धरता सगळी वाटी प्याली.

असे चार-पाच रविवार गेले. डोळ्यांचा रंग गडद होत गेला, मग कातडीचा, मग नखांचा. शेवटच्या रविवारी वाटी पिऊन झाल्यावर तिनं बाबांना पापणी ओढून बघायला लावली.

“गुण येऊन राह्यला का?” तिनं विचारलं.

बाबांनी तिच्या डोळ्यात पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. बाहेरची माणसं खोकत होती, कुणाचं तरी मूल रडत होतं.

“येऊन राह्यला,” बाबा म्हणाले, आणि रिकामी वाटी घेऊन ओसरीवर गेले.